न केलेल्या संकल्पाचे एकेचाळीस दिवस

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे रोज दोन वेळा बसतो, परंतु त्याच्यापुढेही मी ती शब्दांत मांडलेली नाही. तो जाणतोच, असे मनाशी म्हणायचे आणि पुढच्या स्तोत्राकडे वळायचे, ही माझी अनेक वर्षांची रीत. आज मात्र ती तुमच्यापुढे ठेवतो आहे. मध्ये थांबलो तर थांबू द्या. मला सवय नाही — खरे बोलण्याची नव्हे, हे बोलण्याची.

खानदेशातल्या एका लहानशा गावात मी पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. पाठशाळेत आधी, नंतर शाळेत. सकाळी पूजा, मग अध्यापन, संध्याकाळी कोणाकडे वास्तुशांत, कोणाकडे सत्यनारायण. पत्नी गेली आणि मी सुरतेला मुलाकडे राहायला आलो. ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षे. मुलगा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवण्याचे काम करी; त्याच्या नखांत कायम कोणता ना कोणता रंग असे. सून वंदना मराठी शाळेत शिकवायला जाई. घरात उरत असू आम्ही दोघे — मी, आणि माझी नात ऋचा. नाव मीच ठेवलेले. तिचे उष्टावणही मीच केले. पायसाचा पहिला घास सोन्याच्या अंगठीने तिच्या ओठांना मी लावला, आणि तिने तो चाटला तेव्हा मला वाटले — काय वाटले ते आता सांगणे कठीण आहे. या जीवाचे अन्न माझ्या हातून सुरू झाले, असे काहीसे.

तुम्ही म्हणाल, यात दोष कोठे? दोष येतो आहे. जरा धीर धरा.

ऋचा दोन वर्षांची झाली आणि तिने तोंड मिटले. दूध-साखर चाले. दुधात बुडवलेले बिस्किट चाले. फार तर तूप-साखर घातलेला मऊ भात. त्यापलीकडचा कोणताही पदार्थ ओठांजवळ आला की ती मान फिरवी, आणि ओठ असे घट्ट आवळी की त्यांचा रंग जाई. डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाले, रक्त कमी आहे, डाळी द्या, पालेभाजी द्या, भाकरी द्या, नुसत्या दुधावर मूल उभे राहत नाही.

ते काम मी अंगावर घेतले. सोवळ्यात स्वयंपाक करणे मला नवे नव्हते. मुगाचे वरण, त्यात वाटून घातलेला दुधी. लाल भोपळ्याच्या घाऱ्या. पालकाची ताकातली भाजी, मिरचीविना. पाट मांडायचा, चांदीची वाटी ठेवायची, नैवेद्य दाखवायचा, श्लोक म्हणायचा, आणि मग चिऊचा घास, काऊचा घास. मी कधी रागावलो नाही. हात उगारणे तर दूरच, आवाजही चढवला नाही. एकेका घासासाठी पाऊण-पाऊण तास बसलो. माझ्या सहनशीलतेचे घरात कौतुक होई, आणि ते मला आवडे — हेही येथेच सांगून टाकतो. ती वाटून घातलेला दुधी जिभेने शोधून काढी आणि वरणासकट माझ्या उपरण्यावर टाकी.

शेजारी लीलाबाई राहत. आमच्या आणि त्यांच्या घराचा ओटा एकच, मध्ये विटांची एक बुटकी रांग. नवरा यंत्रमागावर; थोरलीचे लग्न नुकतेच झालेले, धाकटी गावी आजीपाशी शिकत होती. लीलाबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कातरण्याचे काम करीत. साड्यांचा ढीग एका बाजूला, कात्री मांडीवर. बोलणे अहिराणी, ठसठशीत, आणि हसणे त्याहून मोठे.

एके दुपारी मी पूजेत असताना ऋचा ओट्यावर गेली. मी आचमन करून बाहेर पाहिले, तेव्हा लीलाबाई जेवत होत्या. कळण्याची भाकरी — ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची — आणि मेथीची भाजी. ऋचा त्यांच्या ताटाजवळ उकिडवी बसलेली. लीलाबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. मन लावून जेवत होत्या, आवाज करीत, बोटे चाटत. पोरीने हळूच हात घातला, एक तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि वेडेवाकडे तोंड करून थुंकला.

"नही आवडनं? ऱ्हाऊ दे," लीलाबाई म्हणाल्या. "माले जास्त व्हई."

आणि पुन्हा जेवू लागल्या. ऋचाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग दुसरा तुकडा उचलला. तो गिळला.

मी ओल्या पंच्याने दारात उभा होतो. तुम्हांला काय वाटते, मला आनंद झाला असेल? माझी नात पहिल्यांदा भाकरी खात होती — ज्यासाठी मी तीन महिने पाटावर बसत होतो ते माझ्या डोळ्यांदेखत घडत होते. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : दुसऱ्याच्या ताटातले, उष्टे. दुसरा विचार : मेथी कडू असते, माझी पालकाची भाजी कडू नव्हती. मग माझ्या हातची का नाही?

त्यानंतर ते रोजचे झाले. दुपारी बारा वाजले की ऋचा ओट्यावर. चवळीची उसळ, ठेच्याचा एक कण, मुळ्याची कोशिंबीर, गूळ-शेंगदाणे. जे जे आम्ही देऊन थकलो ते ते ती तेथे बसून खाई. ती त्यांना 'लिलामाय' म्हणू लागली. मला ती तेव्हा नुसते 'अन्ना' म्हणे, तेही कधीमधी. वंदना सद्गदित होऊन त्यांचे आभार मानायला गेली, तर त्या म्हणाल्या, "मी काय करस? मी जेवस, ती दखस, मंग खास." मी जेवते, ती पाहते, मग खाते — इतकेच. मग माझ्याकडे वळून डोळे मिचकावीत, "गुरुजी, तुमना मंतर आयकीसन पोरनी भूक पळी जास!"

सगळे हसले. माझा मुलगा तर भिंतीला टेकून हसला. मीही हसलो. चांगला हसलो. तो विनोद निर्मळ होता हे मला तेव्हाही कळत होते. पण रात्री जेवताना वंदना म्हणाली, "लीलाबाईंच्या हाताला गुण आहे, अण्णा. बघा ना, गालांवर रंग आला तिच्या." मी ताट अर्धवट ठेवून उठलो.

मत्सर हा शब्द मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा समजावून दिला आहे. सहा रिपूंमधला शेवटचा. व्युत्पत्ती सांगितली, उदाहरणे दिली. परंतु तो कसा चढतो हे मला ठाऊक नव्हते. तो साध्या गोष्टींनी चढतो, हे तेव्हा कळले. एखाद्या बाईच्या बांगड्या वाजल्या की मुलीची मान तिकडे वळते, इतक्याने चढतो. मी मेथीची भाजी करून पाहिली. कळणे दळून आणले, भाकरी थापली, पाटावर मांडली. ऋचाने ओठ आवळले. तीच भाकरी, तीच भाजी! मग मी एक क्षुद्र गोष्ट केली : अकराच्या सुमारास तिला पेलाभर दूध देऊ लागलो, साखर जास्त घालून, म्हणजे बाराला भूक राहू नये. तरी ती जाई, आणि थोडे का होईना खाई.

याला मी माझा अपराध म्हणत नाही. हे त्याच्या दाराशी जाणे झाले. आत जायला मला अजून जड वाटते आहे. पण आता जातो.

होळी झाली आणि चार-पाच दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी मी मुलाला आणि सुनेला म्हणालो, "ऋचाच्या आरोग्यासाठी मी अनुष्ठान धरले आहे. एकेचाळीस दिवसांचे. या काळात तिने घरच्या सोवळ्यातल्या नैवेद्याखेरीज दुसरे अन्न घ्यायचे नाही. बाहेरचा एक कणही नाही."

मी अनुष्ठान धरलेले नव्हते.

तुम्हांला कदाचित हे लहान वाटेल, म्हणून समजावून सांगतो. व्रत धरायचे तर आधी संकल्प करावा लागतो. उजव्या हातात उदक घ्यायचे, स्थळ आणि काळ उच्चारायचा, आपले गोत्र, आपले नाव, आणि मग हेतू — हे मी कशासाठी करतो आहे. ते बोलून उदक ताम्हनात सोडायचे. इतरांसाठी मी हे अगणित वेळा केले आहे. त्या सकाळी माझ्या हातात पाण्याचा थेंब नव्हता. का नव्हता? मी विसरलो का? मी संकल्प केला नाही, कारण संकल्पात हेतू मोठ्याने उच्चारावा लागतो. देवासमोर मी कोणता हेतू उच्चारणार होतो? ऋचाचे आरोग्य? ते तर शेजारच्या ओट्यावर सुधारत होते. माणसांशी खोटे बोलायला मी धजलो. देवाशी बोलायला धजलो नाही. आणि यालाच मी तेव्हा माझी धर्मभीरुता समजत होतो.

घरात कोणी शंका घेतली नाही. का घेतील? मी आयुष्यात खोटे बोललो नव्हतो. मुलाने सकाळचा टीव्ही बंद केला. वंदनाने कांदा-लसूण वर्ज्य केला. मी रोज तासभर माळ घेऊन डोळे मिटून बसे. मणी सरकत राहत. कान ओट्याकडे.

लीलाबाईंना सांगायला मीच गेलो. तेवढे धैर्य मला होते. त्यांनी ऐकले, कात्री खाली ठेवली, हात जोडले. "बरं करं, गुरुजी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरे केलेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओट्यावर जेवणे सोडले. पोरीच्या नाकाला वास जायला नको म्हणून दार लावून आत जेवत. चैत्राचे ऊन, वर पत्रे. मला त्यांच्या ताटलीचा आवाज भिंतीतून ऐकू येई. ऋचाही ऐके. ती आमचे दार थापटे, "लिलामाय, लिलामाय" करी, आणि मी तिला उचलून पाटावर आणून बसवी. शांतपणे. अजिबात न रागावता.

आठवडाभराने त्या मला विचारायला आल्या. "मी बी एक येळ सोडू का, गुरुजी? पोरले ताकद येई." त्यांनाही एक वेळचे जेवण सोडायचे होते, माझ्या व्रताला जोड म्हणून.

नको, म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द. त्या बाईने दिवसभर मान वाकवून धागे कातरायचे, सगळे घर ओढायचे, आणि एका जेवणावर राहायचे — जे अस्तित्वातच नाही अशा व्रतासाठी. मी म्हणालो, "सोडा. श्रद्धेने केलेले फुकट जात नाही."

हे वाक्य मी बोललो. मला त्यातले अक्षर न् अक्षर आठवते. आणि ते बोलताना मला बरे वाटले, हेही आठवते. त्या माझ्या शब्दाखाली आल्या, असे वाटले.

ऋचा पुन्हा दुधावर आली. महिनाभरात गालांवरचा रंग उतरला. ती दुपारी निजू लागली ती संध्याकाळपर्यंत. वंदनाने एकदा विचारले, अगदी चाचरत, "अण्णा, चालेल ना हे? फारच गळाली हो ती. मध्येच सोडता नाही का येणार?" मी म्हणालो, "धीर धर. परीक्षा असते." आई होती ती. मी तिला माझ्या विद्येने गप्प बसवले.

तेहतिसाव्या दिवशी लीलाबाई निरोप घ्यायला आल्या. नवऱ्याचा माग बंद झाला होता आणि पलसाण्याकडे एका प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, त्याला काम मिळाले होते. राहायला खोलीही तिकडेच. टेम्पो रस्त्यावर उभा होता. त्या वाळल्या होत्या. मी पाहिले — पाहिले नाही असे म्हणणार नाही. ऋचा धावत जाऊन त्यांच्या पायांना बिलगली. त्यांच्या हातात जाताना वाटेत खायला बांधून घेतलेली भाकरी होती. पोरीने तिच्यासाठी तोंड उघडले. कोणी काही म्हटले नव्हते, कोणी भरवत नव्हते. तिने आपण होऊन तोंड उघडले, पाखरासारखे.

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "एक घास भरू का, गुरुजी?"

मी फक्त जपाची माळ या हातातून त्या हातात घेतली.

"ऱ्हाऊ द्या," त्या स्वतःच म्हणाल्या. "देवनं काम शे. मोडाले नको." भाकरी त्यांनी पाठीमागे धरली आणि मोकळ्या हाताने पोरीचे तोंड कुरवाळले. जाता जाता वळून म्हणाल्या, "दिन सरनात का तिन्हा समोर बठीसन जेवा. भरू नका. तिन्हाकडे दखू बी नका." दिवस संपले की तिच्यासमोर बसून तुम्ही जेवा, भरवू नका, तिच्याकडे पाहूसुद्धा नका. ज्या विद्येचा मला मत्सर वाटत होता ती त्यांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या मला देऊन टाकली. मी दार लावले. आत ऋचा रडत राहिली. तिला कळतच नव्हते की तोंड उघडूनही घास का आला नाही.

एकेचाळीस दिवस भरले. त्यानंतर मी पाट मांडला नाही. ओट्यावर जाऊन बसलो, मांडीवर ताट घेतले, आणि भाकरी-भाजी खाऊ लागलो. आवाज करीत. बोटे चाटत. पाहिले नाही तिच्याकडे. पहिले तीन दिवस ती रिकाम्या घराच्या दाराशीच बसून राहिली. चौथ्या दिवशी माझ्या ताटात एक लहान हात आला. तिने तोंड वाकडे केले, थुंकली. "राहू दे," मी म्हणालो, "मला जास्त होईल." पंधरा दिवसांत ती पुन्हा खाऊ लागली.

आणि घर म्हणाले, अण्णांच्या व्रताला फळ आले.

मी उद्यापन केले. ज्या व्रताला आरंभच नव्हता त्याची सांगता केली — ब्राह्मण, सुवासिनी, गल्लीतली पंचवीस माणसे, पुरणाचा स्वयंपाक. वंदनाने सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोके ठेवले, आणि डोके वर केले तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "मला शंका आली हो मध्ये, अण्णा. मला क्षमा करा." मी तिला आशीर्वाद दिला. पाय मागे घेतले नाहीत. त्यानंतर कितीतरी बायका न जेवणारी मुले घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मी त्यांना देवाची कृपा म्हणत असे.

येथे थांबलो असतो तरी पुरे झाले असते. परंतु मग मी अर्धेच सांगितले असे होईल.

चार वर्षांनी, ऋचा शाळेत गेलेली असताना, एका दुपारी लीलाबाई दारात उभ्या राहिल्या. पलसाण्याहून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. केस पुष्कळ पांढरे झालेले. कडेवर थोरलीची मुलगी, दीड-दोन वर्षांची, ओठ घट्ट मिटलेली. मी पाणी दिले. त्यांनी आधी ऋचाची चौकशी केली. काय खाते, किती खाते. मी सांगितले, सगळे खाते. त्यांचा चेहरा असा उजळला की मला भिंतीकडे पाहावे लागले.

मग म्हणाल्या, ही काही खात नाही. मी विचारले, "तुम्ही हिच्यासमोर बसून जेवून पाहिलेत का?"

त्या हसल्या. पूर्वीचे ते हसणे नव्हते. "माले कोठे जमस ते, गुरुजी? ऋचाले काय मी खावाडं? ते तुमना व्रतनं काम. मना हातमा गुण ऱ्हातात, त मी गयी तवय पोर इतली वाळनी नसती." मला कुठे जमते, ऋचाला काय मी खाऊ घातले? ते तुमच्या व्रताचे काम. माझ्या हाताला गुण असता, तर मी गेले तेव्हा पोर इतकी वाळली नसती. "हिन्हासाठी बी धरा ना एक व्रत. मी सोडसू दोन्ही येळ, तुम्ही म्हणशात त."

तिच्यासाठीही एक व्रत धरा. या वेळी त्या दोन्ही वेळचे जेवण सोडायला तयार होत्या.

मला एकच वाक्य बोलायचे होते. बाई, ती तुमच्याच हातचे खात होती, व्रत नव्हतेच. एवढेच. घरात कोणी नव्हते. ऐकणारे त्या आणि ते मिटल्या ओठांचे मूल. चार वर्षांपूर्वी मी त्या बाईचा घास अडवला होता, आणि आता त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही माझ्यापाशी ठेवून त्या हात जोडून उभ्या होत्या. मी तो फक्त परत द्यायचा होता.

मी विचारले, "मुलीचे नाव काय?"

त्यांनी सांगितले. मी गोत्र विचारले; ते त्यांना माहीत नव्हते. चालेल, मी म्हणालो, आणि नाव कागदावर लिहून घेतले.